एक नंबर कमी

आमच्याकडे बूट नेहमी वाढत्या पायाचे घेत.
पुढे अंगठाभर जागा, जागेत कापूस,
कापूस दबेपर्यंत चौथीची पाचवी.
पाय वाढायचा थांबला, सवय नाही थांबली.
लग्नातली चप्पलसुद्धा सासरच्यांनी अंदाजानं आणली
आणि मी ती अंदाजानंच घातली, सोळा वर्षं.

आता त्रेचाळिसाव्या वर्षी
विजयनगरच्या मॉलच्या तळघरात,
जिथं पूर्वी म्हणे सोफ्यांचं गोदाम होतं,
गोठवलेल्या एका आयताच्या काठी
लेहची स्टान्झिन माझ्यापुढे उकिडवी बसून विचारते,
मॅडम, नंबर?
सहा.
मग पाच. कदाचित साडेचार.

भाड्याचे तीन आठवडे घातले.
निळं प्लास्टिक, आत कुणाकुणाचा घाम,
घोटे आत कलायचे जुन्या सायकलच्या स्टँडसारखे.
बर्फावर नव्हे,
मी बुटातच घसरत होते.

मग मुळ्यांच्या शर्वरीनं विनिपेगहून येताना
स्वतःचे जुने आणले, खास हॉकीचे.
विमानतळावर एकानं पात्यावरून बोट फिरवलं म्हणे
आणि बोट चोखत जाऊ दिलं.
काळे, कडक, कासवाच्या पाठीचे.

त्या रात्री स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरून
मी त्यावर उभी राहिले, लेकीनं पेन्सिल फिरवली.
उजवा पाय पाव इंच आखूड निघाला.
इतकी वर्षं दोघांचा मिळून एकच नंबर सांगत आले,
एकानंही तक्रार केली नाही.

मोजे पातळ हवेत; जाड मोजा म्हणजे खोटी साक्ष.
ताठ उभं राहिलं की बोटांनी पुढच्या टोपीला
नुसतं शिवावं, मुटकुळं करून बसू नये.
गुडघे वाकवले की टाच मागे सरकते, जागेवर बसते,
मग तिनं हलायचं नाही.
टाच म्हणजे घर, स्टान्झिन म्हणाली,
आणि लाजून, आमच्या कोचचं वाक्य आहे हे.

डाव्या घोट्याचं हाड मात्र टोचतच राहिलं.
बूट तापवला की पायाचं ऐकतो, पण मशीन दिल्लीला.
इंदुरात भट्टी आहे.
सियागंजच्या मागे, हकीमुद्दीनभाईंची.
टोस्ट सेंके, काजू सेंके, ते म्हणाले,
जूते पहली बार.

टोस्ट निघाले, नानखटाई निघाली,
वर तासभर गेला.
त्यांनी आत हात घालून दहापर्यंत मोजलं,
दहा सोसले तेव्हा बूट गेले आत, पाच मिनिटं.
मैद्याच्या पोत्यावर बसून मी ते चढवले.
नाडी बोटांपाशी सैल, घोट्याशी आवळून,
वर पुन्हा वाकण्यापुरती मोकळी.
वीस मिनिटं उठायचं नाही, स्टान्झिननं फोनवर बजावलं,
पाऊलही टाकायचं नाही.

मी उठले नाही.
गिऱ्हाइकं आली, खारी घेऊन गेली.
एका पोरानं विचारलं, आंटी, जूतों में चाकू क्यों?
बूट गार होत होता
आणि गार होता होता
माझ्या एका हाडापुरता खड्डा करत होता.
अंथरूण पाहून पाय पसरण्यात हयात गेली.
इथं पाय होता तसाच होता,
हलत होतं ते बाकीचं,
आणि मला फक्त बसून राहायचं होतं.
ते फार अवघड गेलं. दोनदा घड्याळ पाहिलं,
एकदा उगाच पावाची लादी सरळ केली.

रविवारी पडले. तीनदा.
पण बुटासकट पडले,
टाचेसकट, अख्खी.
चौथ्यांदा कठडा सोडला तेव्हा स्टान्झिन जवळ आली,
शाबासकी द्यायला असेल असं वाटलं.
ती हवा हुंगत म्हणाली,
मॅडम, इथं वेलचीचा वास कुठून येतोय?