कनातीचा टाका

सेलूत समुद्र नाही.
आमच्याकडं खोल म्हणजे विहीर, दूर म्हणजे पुणे.
तरी मशीनच्या वर, कॅलेंडरशेजारी,
शाळेच्या नकाशातलं निळं तेवढं कापून लावलं होतं मी
आणि त्यावर एक टाचणी,
ब्लाउजच्या गळ्याला लावतो तीच, पांढऱ्या डोक्याची.

वैजयंता निघाली तेव्हा चैत्र लागला होता.
अठ्ठावीस फुटांची होडी,
सेशेल्सच्या बंदरात कुण्या म्हाताऱ्यानं
गुडघे गेले म्हणून फुंकून टाकलेली.
ती एकटी. एक शीड मोठं, एक लहान.
मी विचारलं, कापड कोणतं?
दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही.

आठवड्यातून दोनदा निरोप यायचा, दोन ओळींचा,
तेवढाच परवडायचा.
"वारा पडला. पाचवा दिवस. समुद्र तव्यासारखा."
"प्यायला रोज दीड लिटर. पुरल. सवय हाय."

सवय होतीच.
आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ, तोही मध्यरात्री.
आईनं तिला तांब्या मोजून वाढवलेलं,
भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं तुळशीला.
आता चारी अंगानं पाणी
आणि मधी ती, बाटलीवर पेनानं रेघ ओढणारी.
मला हसू आलं.
मग आलं नाही.

एकविसाव्या दिवशी:
"मोठं शीड फाटलं. हातभर. शिवू कसं?"

चाळीस वर्षं मांडवाच्या कनाती शिवल्या मी.
लग्नाच्या, सप्त्याच्या, एकदा सर्कशीच्या तंबूचा अख्खा घेर.
वावटळीत फाटलेलं कापड मला हातानं कळतं.
पण दोन ओळीत?
खाडाखोड करत बसलो. शेवटी धाडलं:
"कडेला शिवू नको, कड मेलेली असते. चार बोटं मागं, कापड जिथं जितं हाय तिथं सुई घाल.
दोरा मेणातून ओढ. टाका मागं घे, मग पुढं. घाई करू नको, वारा थांबतो."

वारा थांबतो, हे मी उगाच लिहिलं.
मला वाऱ्याचं काय माहीत.

सहा दिवस काही आलं नाही.
टाचणी तिथल्या तिथं काढून लावत राहिलो,
निळ्यात भोक पडलं.
एका नवरदेवाच्या कोटाला बाह्या उलट्या जोडल्या.
तिची आई देवाजवळ बसायची सोडून
माठाजवळ बसायला लागली.

सातव्या दिवशी दोन शब्द:
"जयगड दिसलं."

रात्रीच्या गाडीनं आली.
खांद्यावर शिडाची वळकटी, सतरंजीसारखी.
उतरली आणि खांब धरून उभी राहिली.
"बापू, फलाट हलायलाय."
मी हात द्यायला पाहिजे होता.
मी वळकटी घेतली.

घरी आईनं तांब्या भरून दिला.
तिनं अर्धा पिला,
उरलेल्यात वाकून बघितलं,
आणि झाकण ठेवलं.

गच्चीवर झोपलो. दोन वाजता ती उठून बसली,
तिची पाहऱ्याची वेळ.
चहूकडं अंधारी रानं, लांब बोअरच्या गाडीचा लाल दिवा.
"जहाज हाय," ती झोपेतच म्हणाली.
"व्हय," मी म्हणालो. "आपल्या वाटंवर न्हाई."
मग आडवी झाली.

मी खाली आलो, शीड पसरलं. अख्ख्या दुकानात मावेना.
टाके वाकडे, पण चार बोटं मागं.
एका ठिकाणी एकावर एक, दाट,
विनाकारण दहाबारा.
दुसऱ्या कुणाचं असतं तर उसवून नव्यानं मारलं असतं.
बोट फिरवलं आणि घडी घातली.

मशीनच्या पाट्यावर पांढरं सांडलं होतं.
जिभेला लावलं. आमच्या बोअरच्या पाण्याहून
फार निराळं नाही.
तीन वाजले होते, नळाचा दिवस होता.
हंडे काढून ओळीनं मांडले, आवाज न करता.