डोळे फुगले की कळवा

सात धडे जूनमध्येच लिहून झाले होते,
चाकूला धार लावण्यापासून पट्टी सोडण्यापर्यंत.
पाठवायचे कसे, एवढंच उरलं होतं
आणि ऑगस्ट उजाडला तरी त्यावरच अडलं होतं.

टोबायस, माझा भाचा, होबार्टहून रविवारी येतो,
स्क्रीनवर बोट ठेवतो:
"हे बघ मेरिन मावशी, ठिबक.
दर मंगळवारी एक धडा, आपोआप.
तू झोपलीस तरी जाणार."

ठिबक मला कळतं.
ओढ्याकडच्या ओळींत नळ्या मीच अंथरल्यात,
वॉलबींनी कुरतडल्या की गुडघे टेकून जोडल्यात.
पाणी झाडाला विचारून सुटत नाही,
हेही मला कळतं.

नाहीतर सगळं एकदम.
पासवर्ड द्यायचा, दार सताड उघडायचं,
या, हवं ते घ्या.
पॅकिंग शेडमध्ये बावीस वर्षं काढलीत मी.
पेटी उघडी दिसली की माणूस तळातलं लालबुंद फळ ओढतो
आणि वरची गडगडत जातात.
कुणीतरी थेट पाचवा धडा उघडेल, जिभली कलम,
आणि चाकू असेल बोथट.
माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या धड्याची खूण आहे.

व्हिडिओही करून पाहिला.
वारा, एक काकाकुवा,
आणि कुणा म्हातारीचे हात.

मग मी सगळ्यांना एकच ओळ लिहिली:
तुमचं झाड कुठे आहे?

एकशे त्रेचाळीस नावं. उत्तरं आली तशी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून लिहीत गेले.
आल्डोना, लिथुआनिया. तीन झाडं, सासऱ्यांनी लावलेली.
अनिबाल, ओसोर्नो, चिली.
येरलान, अल्माटीच्या वर, जिथे डोंगरात सफरचंद रानटी वाढतं
(यानेच मला शिकवायला हवं).
फिलिपा, शेफील्ड. एक कुंडी, तिसरा मजला.

ऑगस्टमधला पहिला मंगळवार.
माझ्या काड्या फ्रिजमध्ये,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, लोण्याशेजारी.
आल्डोनाची फांदी फळांनी जमिनीला टेकलेली,
गांधीलमाश्या घोंघावतायत.
तिला मी काय लिहू?
झाड झोपेत आहे, हळूच कापा?

वडिलांनी मला कधी वार सांगितला नाही.
वर्षभर अवाक्षर नाही,
आणि एखाद्या पहाटे खिडकीवर
चाकूच्या मुठीची टकटक, दोनदा.
त्याआधी ते बागेत जाऊन आलेले असत,
चिमटीत डोळा धरून,
जसं कणीक मळून झाली का बघतात.

तर असं ठरवलं.
पहिला धडा सगळ्यांना, लगेच. धार लावायला ऋतू लागत नाही.
त्याच्याखाली: शेवटचं पान गळलं की कळवा.
जो कळवेल त्याला दुसरा.
दुसऱ्याखाली: डोळे फुगले की कळवा.

टोबायसने कपाळाला हात लावला.
"एकशे त्रेचाळीस माणसं, एकशे त्रेचाळीस पंचांगं!
मावशी, हे वाढणार नाही."
म्हटलं, धरलं की नाही ते उन्हाळ्यात बघू,
आत्ताच पट्टी सोडू नकोस.

अनिबालचं पत्र आठवड्यात आलं,
फोटोसकट, डोळा जरा धूसर.
येरलानने ऑक्टोबरमध्ये लिहिलं: बर्फ आला, पानं अजून आहेत, काय करू?
थांब, म्हटलं. दोघंही थांबलो.

आज नोव्हेंबर. मी फळं विरळ करतेय,
अंगठ्याएवढी, एका घोसात एकच ठेवायचं,
बाकीची पायाखाली.
खिशात फोन थरथरला.
आल्डोना: काल शेवटचं पान गळलं. सासऱ्यांची शिडी सापडली.
हिरव्या बोटाने दुसरा धडा पाठवला.
काचेवर डाग राहिला.

एकसष्ट जणांनी अजून काहीच कळवलेलं नाही.
फिलिपानेही नाही.
त्यांचे धडे ओल्या कागदात आहेत, असं मी धरून चालते,
लोण्याशेजारी.