चष्म्याचं घर

जेरोमनं आधी डोंगरावरचं दाखवलं.
काचेच्या भिंती, पोहायचा हौद,
आणि खाली समुद्र, जणू भाड्यात धरलेला.
म्हणाला, इथं सगळे आपलेच राहतात.
आपले म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
कुंपणापलीकडे एक बाई अळकुड्या उपटत होती.
तिनं मान वर करून हात केला.
जेरोमच्या यादीत ती नव्हती.

दुसरं बंदरालगत, तळमजल्यावर खिळ्यामोळ्यांचं दुकान.
तिसऱ्यात आधीचं बिऱ्हाड अजून होतं थोडंसं:
फ्रिजमध्ये अर्धं लिंबू,
दाराच्या चौकटीवर कुणा मुलाची उंची,
पेन्सिलीच्या रेघा, कडीपर्यंत आलेल्या.
पुढचं मूल दुसरीकडे कुठे वाढलं असेल.

मी डोळे तपासते.
दिवसभर विचारते, आता बरं दिसतं, की आता?
लेइसाऊनं तक्त्यावरची अक्षरं वाचलीच नाहीत.
म्हणाली, मला सुई ओवता आली पाहिजे
आणि वादळ दिसलं पाहिजे.
मला वाटलं, लांबचं म्हणतेय.

चष्मा दिला, वर डबी.
आमच्यात हिला चष्म्याचं घर म्हणतात,
मी मोडक्या बिस्लामात सांगितलं: हाऊस ब्लाँग ग्लास.
ती हसली, रांगेतल्यांना सांगून पुन्हा हसली.
मग डबीचं झाकण टक्कन लावत म्हणाली,
चष्म्याला आहे. आणि तुला?

मागच्या अंगणात दोन खोल्या,
वर पत्रा, बाजूला पावसाच्या पाण्याची टाकी,
नीरफणसाचं झाड इतकं जवळ
की रात्री फळ पडलं की मी उठून बसे.
करारनामा? मी विचारलं.
जमीन आजोबांची, ती म्हणाली, आजोबा जमिनीत.
त्यांना सांगून ठेवलंय.

इथं असणं आणि राहणं यांना एकच शब्द, स्टाप.
मी स्टाप म्हटलं की मी आहे,
आणि मी राहतेही.
मला हे जड गेलं.
अकरा गावांत मी नुसती होते.
घरमालकांना वेळेवर भाडं पोचत होतं.

मार्चमध्ये रेडिओ अक्षरं आणि आकडे सांगू लागला.
लेइसाऊनं भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला,
नवा चष्मा चढवला.
समुद्रावर बारीक चौकोन आखलेले,
आणि मला आठवलं, यांनाही आपण घरंच म्हणतो.
ती बाटलीचं बूच सरकवत होती,
एका घरातून शेजारच्या घरात, तिथून तिरपं खालच्या घरात,
ना किल्ली मागत, ना भाडं ठरवत.
तिचा कालमेट बुचाकडे बघत उकडलेलं केळं खात होता.
शेवटच्या बातमीनंतर
बूच आमच्या घरात आलं.

रात्री सगळे तिच्या सिमेंटच्या स्वयंपाकघरात.
वाऱ्याला आवाज नव्हता, वजन होतं.
कंदील विझल्यावर तिनं अंधारात डोकी मोजली,
एकेकावर तळहात ठेवत.
माझ्या केसांशी हात जरासा थांबला,
तेल लावलेलं होतं म्हणून असेल.
मग म्हणाली, नऊ.
आणि पुढच्या डोक्याकडे गेली.

सकाळी माझ्या खोल्यांवर आकाश होतं.
नीरफणस आडवा, मुळांशी लाल माती,
पुस्तकं फुगून पावासारखी.
फोन लागला तेव्हा जेरोम म्हणाला,
डोंगरावरचं आता स्वस्तात मिळेल, काचा तेवढ्या बसवाव्या लागतील.
मी म्हटलं, नंतर बोलू.
कालमेट पत्रे शोधायला किनाऱ्यावर पळाला होता.

टाकीत चष्म्याचं घर तरंगत होतं,
उघडं, रिकामं.
चष्मा लेइसाऊच्या नाकावर होता.
पायरीवर ताडपत्री अंथरून
ती जाड सुईत दोरा ओवत होती, पहिल्याच खेपेत ओवला.
वर न बघता म्हणाली,
हे टोक धर.