साचा

उद्यमबागेत एकवीस वर्षं मी लाकडी साचे केले,
पंपाची कवचं, फ्लायव्हील, मोटारीचे पाय.
ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं,
म्हणून साचा फुटामागं इंचाचा आठवा भाग मोठा धरायचा.
ती सूट माझ्या हातांना पाठ होती.

फाउंड्रीला कुलूप लागलं त्या हिवाळ्यात
सातेरीनं चोर्ल्याच्या घाटातून टोपलीत आणली
एक नर, तीन माद्या.
तोंडावर लाल मस, पायाला मांजराची नखं,
आवाज म्हणाल तर नाहीच.
नर नुसता फुसफुसायचा, गळक्या कॉम्प्रेसरसारखा.
कुंपणावरून नीलव्वा म्हणाल्या,
"बातुकोळी मूक ऐतेन्री?"
म्हटलं, मुकी आहेत म्हणूनच ठेवलीत. घरात बोलणारे पुरे आहेत.

माद्या तिन्ही काळ्या. नर चॉकलेटी,
सागवानाला दुसरा हात पॉलिशचा बसला की येतो तो रंग.
मला तो हवा होता. कशाला, ते विचारू नका.

वहीत रकाने आखले:
अंडी, पस्तिसावा दिवस, वजन, रंग,
खुडूक बसते का, झाडावर जाते का, शेरा.
पहिल्या पिलावळीत सगळ्या लेकी बापाच्या रंगाच्या,
लेक तेवढे काळे, आयांसारखे.
कवच फोडून ओलं पिल्लू बाहेर आलं
की हातात न घेता सांगता यायचं, नर की मादी.

द्रौपदा चुलीपासूनच म्हणाली,
"काय, स्थळं बघूलाय? रंग, वजन, चाल?"
त्या वर्षी थोरलीला दोन ठिकाणांहून नकार आला होता.
मी वही मिटली.
दुसऱ्या दिवशी परत उघडली, खोटं कशाला बोलू.

मग कुत्र्यांनी चॉकलेटी नर धरला.
चॉकलेटी माद्या गेल्या गोकाकच्या एका माणसाकडे,
थोरलीच्या साखरपुड्याच्या पैशांत.
उरला एक काळा नर आणि दोन नंबरची म्हातारी,
जी रोज संध्याकाळी पंख मारत फणसावर जाऊन बसायची.
तिच्यापुढं शेरा होता: काढायची.
आणि पानाच्या तळाला मीच लिहिलेलं: रंग संपला.

ती एकदा तीन दिवस दिसली नाही.
शेडमध्ये सापडली, माझ्या जुन्या कोअरबॉक्सात,
छातीची पिसं उपटून अंथरलेली, खाली अकरा अंडी.
हात घातला तर चावली.
दिवसातून एकदा उठायची, डबक्यात भिजून
ओल्या पोटानं परत अंड्यांवर.
मी पाणी शिंपडलं नाही, टॉर्च धरली नाही.
पस्तीस मोजले तेवढे.

नऊ काळी. दोन चॉकलेटी.

खूप वेळ स्टुलावर बसून राहिलो.
तो काळा नर परड्यात मान हलवत फिरत होता,
बापाचा रंग अंगात कुठंतरी ठेवून,
वर्षभर माझ्यासमोर, माझ्याच हातचा कोंडा खात.
कुठल्या पट्टीनं मोजला असता मी तो?

'काढायची' हा शब्द ब्लेडनं खरवडला.
कागद तिथं पातळ झालाय, पलीकडचे आकडे दिसतात.

पंचमीला थोरली संकेश्वराहून आली.
टोपलीपाशी उकिडवी बसली, पिल्लं बोटावर चढू दिली,
एक उचलून गळ्याशी धरलं. काळं.
मी म्हटलं, अगं, ती दोन बघ की.
"बघितली," म्हणाली, "हे द्या."
नर की मादी, तेही तिनं विचारलं नाही.