हॉटस्पॉट

नऱ्ह्यात, चौथ्या मजल्यावर, एप्रिलच्या दुपारी अडीच वाजता
मी पाणी तयार करते.
महाळुंग्याच्या एका टॉवरचा पोहण्याचा तलाव.
तिथे अजून नुसता खड्डा आणि एक जेसीबी,
पण बिल्डरला शुक्रवारी होर्डिंगसाठी निळं पाणी हवंय,
तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी हलतेय असं वाटणारं.

उन्हाची जाळी महाग पडते.
एकेक किरण कार्डाला मोजावा लागतो,
पाण्यात शिरताना कुठे वाकला, फरशीवर कुठे पडला,
आणि मोजता मोजता ते तापतं.
कार्ड सेकंडहँड, तापकीर गल्लीतल्या झुबेरभाईंकडचं.
"मॅडम, फक्त गेमिंगला वापरलंय," म्हणाले,
आणि ते खोटं पचवून आम्ही दोघंही हसलो.

मला घाई होती. क्लॉक चढवला.
अधिक पन्नास. चाललं.
अधिक शंभर. चाललं.
अधिक दीडशेला पंखे असे किंचाळले की
समोरच्या खळदकर काकूंनी आपला मिक्सर बंद करून पाहिला.
चौऱ्याऐंशी अंश. हॉटस्पॉट एकशेचार.
निळ्या पाण्यावर हिरवे ठिपके उगवले,
चौकोनी शेवाळ,
मग काळोख.
खाली टँकरचा हॉर्न. आज वीसच मिनिटं, वॉचमन ओरडला.

बाबा बादल्या भरून वर आले.
छत्तीस वर्षं शंकरशेट रस्त्यावर ट्रकचे रेडिएटर झाळले त्यांनी.
कॉम्प्युटरला अजून 'तुझा टीव्ही' म्हणतात,
पण तापल्या वस्तूला हात कसा लावायचा ते त्यांना कळतं:
पालथा. चटका बसला तरी पाना धरायचा तळवा शाबूत राहतो.

"निवू दे आधी.
घाटात गाडी उकळली की शहाणा माणूस झाकण उघडत नाही,
उतरून बिडी ओढतो."
बिडी नव्हती. तिखटमीठ लावून कैरी खाल्ली.

मग चार स्क्रू, मग आणखी सात,
सगळे कैरीच्याच वाटीत, तिखटासकट.
आतली पेस्ट देव्हाऱ्यातल्या वाळल्या गंधासारखी खपली धरलेली,
पॅड खारकेसारखे टणक,
पात्यांमध्ये नऱ्ह्याच्या एकूण एक बांधकामाची धूळ.
बाबांनी जुना दाढीचा ब्रश आणला,
एकेक फट झाडत गेले, आणि मध्येच थबकून म्हणाले,
"अगं, हा तर रेडिएटरच."
माझ्या कामाबद्दल इतक्या आदराने ते कधी बोलले नव्हते.

नवी पेस्ट लावली. पुन्हा त्याच आकड्याशी गेले, दीडशे.
"किती ओझं घालतेस?"
"ओझं नाही बाबा, वेग."
"आणि डिझेल?"

डिझेल.
मी व्होल्टेजचा आलेख उघडला, रेघ खाली ओढली.
नऊशे मिलिव्होल्ट. एवढ्यात भागव, म्हटलं त्याला,
महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आई आम्हाला म्हणायची तशा आवाजात.
वाटलं, रुसेल.
अडुसष्ट. एकोणसत्तर.
एकाहत्तरला थांबलं.
दर चित्रामागे आठ सेकंद जास्त लागली, मी मोजली,
आणि ती कुठे जायची होती ते काही मला सांगता येईना.
वाटीत एक स्क्रू उरला.
"उरतोच एक," बाबा म्हणाले.

रात्री दोनला तलाव भरला, काठोकाठ.
काठावर बिल्डरने पाठवलेलं हसरं कुटुंब बसवलं,
चौघांना चार टॉवेल.
बाबा पाणी प्यायला उठले होते, दाराशी थांबले.
"खोल किती आहे?"
"खोल नाहीये. नुसता वरचा पापुद्रा."
"हं."
कार्डातून येणाऱ्या कोमट हवेत त्यांनी पालथा हात धरला,
बराच वेळ,
मग आत जाऊन
बादल्यांवर ताटं झाकली.