टाकं

अप्पांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही,
उजव्याने येतं ते अर्धं.
बाकीचं देवळालीच्या तोफखान्याने ठेवून घेतलं;
पेन्शनच्या कागदात त्याचा टक्का लिहिलाय.

रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवते.
पेठ रोडने आशेवाडी,
पायांशी दोन घमेली आणि दोराचं वेटोळं.
सबंध रस्ता ते माझ्या पाठीशी ओरडून बोलतात,
म्हणजे त्यांना वाटतं, हळूच बोलतोय.

रामशेज तसा बुटका.
गडांच्या पंगतीत उशिरा येऊन
शेवटच्या पाटावर बसल्यासारखा.
खाली द्राक्षांचे मांडव, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी.
हा कसा टिकला वर्षानुवर्षं, असं मी पहिल्यांदा विचारलं
तेव्हा अप्पा हसले,
धंद्यातला माणूस हसतो तसे.

म्हणाले, लोखंडाची तोफ नव्हती म्हणे यांच्याकडे.
लाकूड कोरलं, वरून कातडं ताणलं
आणि दिली बत्ती.
मी अठ्ठावीस वर्षं तोफेमागं उभा राहिलो, पोरी.
असली तोफ मला कुणी दिली असती
तर आधी तुझ्या आईला पत्र लिहिलं असतं.

जैसलमेरचा पाहिलाय त्यांनी, वाळूच्या रंगाचा,
अजून आत चुली पेटतात,
सांडपाण्यानं पाया भिजतो.
लेबनॉनला निळी टोपी घालून गेले
तेव्हा कड्यावर एक होता, नाव जिभेला वळेना,
ज्यानं त्यानं जिंकलेला
आणि ज्यानं त्यानं आपापल्या दारूनं फोडलेला.
तिथंही टाकं होतं, हे ते दरवेळी सांगतात.
खडकात. कोरडं.
आत एक शेळी बसलेली.

भिंतीचा त्यांना फारसा आदर नाही.
भिंत म्हणजे अंतर, कोन, आणि गोळे किती लागतील.
बुरुजावर लोक फोटो काढत असतात,
हे त्यांच्यामधून घमेलं घेऊन निघून जातात.
टाक्यापाशी मात्र चपला काढतात.

चार रविवारांत निघालं ते असं:
बाटल्या, वेफर्सची पाकिटं, एक हेल्मेट,
देवाचे फुटके फोटो,
आणि गाळ, गाळ, काळा लोण्यासारखा.
गाळाखाली छिन्नीच्या खुणा.
वरच्या हातभर वाऱ्यानं पुसल्यात,
खालच्या इतक्या कोऱ्या की
आशेवाडीचा सोमा त्यांवर बोट फिरवून म्हणाला,
पाथरवट जेवायलाच गेलाय, येईल.

आज दुसरं टाकं.
हे कड्याच्या पोटात, तोंड वीतभर,
आत विजेरीचा उजेडही पोचत नाही.
अप्पांनी एक खडा उचलला,
हातात तोलला, जुन्या सवयीनं,
आणि सोडला.
मग उजवा कान माझ्याकडे केला.

वाजला?

वाजला.

कसा?

ज्यांनी आयुष्यभर उजेड आणि आवाज यांमधले
सेकंद मोजले, त्यांना काय सांगू.
टणक नव्हता. डुबुकही नव्हता.
पिठात मूठ पडावी तसा.
"चिखलाचा!" मी ओरडले,
आणि आतून कुणीतरी बायकी आवाजात तेच म्हणालं,
दोनदा.
ते त्यांना ऐकू गेलं नाही.

पण चेहरा असा उजळला
जसा माझ्या नोकरीच्या दिवशीही उजळला नव्हता.
चिखल आहे? म्हणजे ओल आहे.
त्यांनी बाह्या सारल्या,
दोर कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
ओढ म्हणालो की ओढ, ते म्हणाले,
आणि म्हणालो नाही
तरी थोड्या वेळानं ओढ.