पाण्याचा दिवस

अंबादास येमूल, वय बासष्ट,
चौथ्या अल्बमसाठी
विडी घरकुलातल्या माझ्या खोलीत
भिंतींना चादरी ठोकतोय.
सहा मोराच्या, दोन विटक्या, एक सेकंड माल.
"आवाज खातात," म्हणतो,
"आमचा माल पहिल्यापासून खादाड."

आधीचे तिन्ही अल्बम ओरडून झाले.
आठ मागांच्या मध्ये एक गिटार,
आणि बापाला ऐकू जावं म्हणून
"जेवायला चला"सुद्धा
वरच्या पट्टीत.
लोक त्याला रॉक म्हणाले.

माग गेल्या दिवाळीत भंगारात गेले, किलोवर.
त्या रात्री काकाचे कान दुखले.
शांततेनं, म्हणे.

आता माईकपाशी इतकं हळू गातो
की ड्रमवाला श्रीशैल
काठ्या ठेवून ब्रश शोधतो.
"काका, ती किंकाळी? पब्लिक तीच मागतंय."
"मागू दे की."

तिसऱ्या टेकला माझ्या हेडफोनमध्ये
खट्, खट्, मग अर्धा खट्.
वायर तपासली. फॅन बंद केला.
चप्पल काढलेला त्याचा डावा पाय
फरशीवर धोट्याच्या चालीनं पडत होता,
त्याला पत्ताच नाही.

"काढू का हा आवाज?"
पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.
गळ्यातला मफलर सोडला,
गच्च गुंडाळून हातात धरला.
"राहू दे. पण वाढवू नकोस."

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नीळू आले,
पाच दिवसांनी,
आणि घरोघरी मोटारी लागल्या.
उरलेली दोन कडवी
उद्यावर.
काका घागर घेऊन खाली गेला.